नेटवर्क गेलं तरी वाट सापडते, पण तुमच्या टॅबमध्ये जीपीएस आहे का?

मस्कतमध्ये राहणाऱ्या आपल्या कोकणी कुटुंबांचा हिवाळ्यातला एक ठरलेला बेत असतो. जुम्मा-शनिवारची सुट्टी, दोन-तीन फोर बाय फोर गाड्या, टोपभर बिर्याणी, मुलंबाळं आणि शर्किया सँड्सचं वाळवंट. जुनी माणसं अजूनही त्याला वहिबा सँड्सच म्हणतात. असाच एकदा आम्हीही गेलो होतो. पुढच्या गाडीत मामू, आणि त्यांच्या डॅशबोर्डवर नवाकोरा दहा इंची टॅब. नकाशा आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर उतरवून ठेवलेला.

बिदियाचा शेवटचा पेट्रोल पंप मागे पडला, डांबर संपलं, वाळू सुरू झाली. मोबाईलचे दांडेही एकेक करून गेले. अर्ध्या तासाने मामूंनी गाडी थांबवली. टॅबवर नकाशा दिसत होता, पण आपली जागा दाखवणारा निळा ठिपका रुवीतल्या घराच्या बिल्डिंगवरच बसून होता.

"नेटच नाही तर जीपीएस कसं चालणार रे?" मामू म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि सगळेच चुकले होते. कारण माझ्या खिशातल्या साध्या फोनलाही नेट नव्हतं, तरी त्याच्यावर ठिपका आम्ही उभे होतो तिथेच होता.

हा गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे, म्हणून आधी तोच सोडवू. जीपीएसचा आणि मोबाईल नेटवर्कचा मुळात संबंध नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत आपली वेळ व जागा सांगणारा संदेश खाली पाठवत राहतात. तुमच्या यंत्रातला रिसीव्हर तो फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. किमान चार उपग्रह ऐकू आले की कोणता संदेश किती उशिरा पोचला यावरून तो स्वतःची जागा काढतो. रेडिओ लावावा तसं. रेडिओला सिम लागतं का? इंटरनेट लागतं ते नकाशासाठी, जागेसाठी नाही.

मग मामूंचा टॅब का अडला? कारण तो फक्त वायफायवाला टॅब होता आणि त्यात जीपीएसची चिपच नव्हती. असा टॅब शहरात जागा बरोबर दाखवतो, त्यामुळे माणूस फसतो. तो आसपासच्या वायफायची नावं ओळखून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधत असतो. वाळूच्या टेकड्यांत कुठलं आलंय वायफाय? म्हणून तो शेवटची माहीत असलेली जागा, म्हणजे रुवीचं घर, धरून बसला.

आयपॅडच्या बाबतीत हिशोब सरळ आहे. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिम घालता येणाऱ्या सेल्युलर मॉडेलमध्ये असतं, आणि सिम घातलं नाही तरी ते चालतं. अँड्रॉइड टॅबमध्ये मात्र एकच नियम नाही. काही वायफाय टॅबमध्ये जीपीएस असतं, काही स्वस्त टॅबमध्ये नसतं. दुकानदार "हो हो, मॅप चालतो" म्हणेल, त्यावर जाऊ नका. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ असे शब्द आहेत का ते बघा. टॅब आधीच घेऊन बसला असाल तर ब्लूटूथने जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, मात्र तो तुमच्या टॅबशी जुळतो का हे विचारूनच घ्या.

खरी परीक्षा घरीच करता येते. सिम काढा, वायफाय बंद करा, एअरप्लेन मोड लावा आणि टॅब घेऊन गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जा. शंभर-दोनशे पावलं चाला. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर टॅब कामाचा. पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात, घाबरू नका. नेट असतं तेव्हा कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती टॅबला आयती मिळते. नसेल तेव्हा ती उपग्रहाकडूनच हळूहळू ऐकून घ्यावी लागते. म्हणून सफरीच्या दिवशीही डांबर आणि नेटवर्क संपायच्या आधीच ॲप उघडून ठिपका पक्का करून घ्यावा.

आता नकाशाकडे. गुगल मॅप्समध्ये ठरावीक भाग उतरवून ठेवता येतो आणि डांबरी रस्त्यासाठी तो उत्तम आहे. पण ऑफलाइनमध्ये त्याचं उपग्रह-चित्र दिसत नाही, आणि वाळवंटातल्या कच्च्या वाटा त्याच्याकडे फारशा नसतात. त्या कामाला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप बरी. ऑर्गॅनिक मॅप्स मोफत आहे, सोपं आहे, घरातल्या कुणालाही जमेल. ओसमँड थोडं किचकट आहे पण त्यात डोंगराचे चढउतार दाखवणाऱ्या रेषा, माग नोंदवणं, सगळं आहे. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली सुरू झालेला, लोकांनीच भरलेला नकाशा आहे, त्यामुळे गाडी घेऊन हिंडणाऱ्यांनी त्यात पुष्कळ कच्च्या वाटा टाकून ठेवल्या आहेत.

मात्र त्याच कारणाने त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कुणी तरी कधी तरी त्या वाटेने गेला होता, एवढंच ती रेष सांगते. वाळू सरकते. वाट होती तिथे आज टेकडी असू शकते. डावीकडे वळा, उजवीकडे वळा हे सांगणारं नेव्हिगेशन वाळवंटात जवळजवळ निरुपयोगी आहे, असं माझं मत. तिथे पद्धत वेगळी: जिथे पोचायचं ती जागा आधी खूण करून ठेवायची, टॅब तिची दिशा आणि अंतर दाखवतो, आणि मधली वाट डोळ्यांनी बघून काढायची.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे माग नोंदवणं. डांबर सोडताना ॲपमधलं रेकॉर्डिंग सुरू करा. टॅब तुमच्या गाडीच्या वाटेची रेष काढत जातो. मगरिबनंतर अंधार पडला, वारं सुटून चाकांचे ठसे बुजले, तरी त्याच रेषेवरून उलट परत येता येतं. आलेल्या वाटेने गाडी गेलेली आहे, एवढी खात्री तरी असते. हा माग जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये साठतो. जाण्याआधी ओळखीच्या कुणाकडून त्या भागाची अशी फाइल मिळाली तर व्हॉट्सॲपवर मागून घ्या आणि घरीच उघडून पाहा.

जागेचे आकडे सांगतानाही गफलत होते. २२.५० अंश आणि २२ अंश ५० मिनिटं या दोन वेगळ्या जागा आहेत. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून २२.५० अंश म्हणजे २२ अंश ३० मिनिटं. फरक पडतो सुमारे ३७ किलोमीटरचा! मदत मागताना हा घोळ झाला तर पोलीस वाळूऐवजी डोंगरात शोधत बसतील. सगळ्या गाड्यांतल्या ॲपमध्ये एकच पद्धत लावून घ्या.

उन्हाचं काय? ॲपलच आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सियसपर्यंतचं तापमान ठीक मानतं. काचेखाली उन्हात ठेवलेला टॅब त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि थंड होईपर्यंत स्वतःला बंद करून घेतो, नेमका दुपारी, नेमका हवा तेव्हा. म्हणून स्टँड काचेला न लावता एसीच्या झोताजवळ लावा. चार्जरही बघून घ्या. फोनच्या जुन्या एक अँपियरच्या चार्जरवर टॅब लावला तर चार्जिंगची खूण दिसते पण बॅटरी उतरतच राहते.

टॅबमधल्या होकायंत्रावर गाडीत बसून भरवसा ठेवू नका. गाडीचं लोखंड, स्पीकर, कव्हरमधलं चुंबक, सगळं त्याला भुलवतं. नमाजासाठी किब्ला बघायचा असेल तरी गाडीपासून काही पावलं दूर जाऊन, कव्हर काढून बघावं. शर्किया सँड्सच्या भागातून किब्ला जवळपास पश्चिमेलाच येतो, त्यामुळे ॲपने उत्तर दाखवलं तर चूक लगेच लक्षात येते.

हे सगळं गमतीचं वाटत असेल तर २०२४ च्या ऑगस्टमधली सौदीची बातमी आठवा. कामासाठी रुब अल खालीत गेलेला तेलंगणचा एक तरुण आणि त्याचा सुदानी साथीदार वाट चुकले. बातम्यांनुसार जीपीएस गेलं, फोनची बॅटरी संपली, मग इंधन संपलं. काही दिवसांनी दोघांचे मृतदेह गाडीजवळच सापडले. रुब अल खाली सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर आहे, आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. तिथे एकट्या गाडीने आणि एकाच यंत्रावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून यंत्रं दोन हवीत. टॅब मोठ्या पडद्यासाठी, आणि तोच नकाशा, त्याच खुणा उतरवलेला एक फोन बंद करून वेगळा ठेवलेला. कागदी नकाशा आणि साधं होकायंत्रही असू द्या. जीपीएसच्या लहरी फार क्षीण असतात, त्या दाबता येतात. २०२५ च्या जूनमध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ जहाजांच्या जीपीएसमध्ये असाच मोठा घोळ झाला होता. पाणी आणि पेट्रोल अंदाजापेक्षा बरंच जास्त घ्या, वाळूत गाडी भरपूर पिते. आणि मागे घरात कुणाला तरी वाट, परतायची वेळ आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवा" हे सांगून निघा. ओमानमध्ये तो नंबर ९९९९, अमिरातीत ९९९. गाडी अडली तर गाडी सोडून चालत निघू नका. वरून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

ऑफलाइन नकाशाला आजची हवा आणि आजची बंदी कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. ओमानच्या वादींत डोंगरावर पाऊस झाला की खाली कोरड्या पात्रात अचानक लोंढा येतो, आणि नकाशा मात्र तिथून सरळ वाट दाखवत असतो. गावीही तेच. महाडहून भोरकडे जाताना वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात, पण टॅब खुशाल तिकडे पाठवेल. बाकी हा टॅब सह्याद्रीतही तितकाच चालतो. फक्त दाट झाडी आणि उभ्या कड्यांखाली ठिपका जरा इकडेतिकडे उडतो.

शेवटी, सुट्टीवर गावी येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी बोलायला गल्फमध्ये काही जण थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन, किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र ठेवतात. भारतात सरकारी परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. अशा यंत्रांमुळे परदेशी प्रवाशांना आपल्या विमानतळांवर पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या आहेत. टॅब आणि फोनचं जीपीएस नुसतं ऐकणारं असतं, त्याला काही अडचण नाही. बॅग भरताना सॅटेलाइट फोन तेवढा मस्कतमध्येच ठेवा.