इजिप्तच्या बायकांचीही सटवाई होती!

मैत्रिणींनो, इजिप्त म्हटलं की डोळ्यांपुढे येतात पिरॅमिड, ममी अन् कोल्ह्याच्या तोंडाचा देव. पण राजांच्या थडग्यांबाहेरही तिथं माणसं संसार करीत होती. घरात पाळणा हलायची वेळ आली की तिथल्या बायकांच्याही पोटात गोळा येई. त्या वेळचे त्यांचे देव पाहा, मुळीच परके वाटणार नाहीत.

नवी मुंबईतली जुनी गावं घ्या. भोवती सिडकोच्या इमारती उठल्या, तरी आगरी-कोळी घरांत बाळाची पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी कोरा कागद अन् लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही श्रद्धा. एखादं दुःख ‘पाचवीला पुजलेलं’ म्हणतो, ते यावरूनच.

इजिप्तमध्ये बाळ जन्मलं की सात हथोर देवी त्याचं भविष्य सांगत. बाई विटांवर उकिडवी बसून बाळंत होई. त्या विटांची देवी मेस्खेनेत. तीही बाळाचं भाग्य ठरवी. अशी एक चित्रं रंगवलेली वीट २००१ साली अबायडोसच्या उत्खननात सापडली. तिच्यावर तान्ह्याला घेतलेली आई आहे! गर्भारशीची राखण करी तावेरेत, म्हणजे मोठ्या पोटाची, दोन पायांवर उभी पाणघोडी. जीभ बाहेर काढलेला बुटका बेस वाईट शक्तींना पळवून लावी. अन् आपली तीट, तसा त्यांचा होरसच्या डोळ्याचा ताईत.

देव निराळे, पण आईची भीती एकच. पूर्वी कितीतरी बाळं पहिल्या काही दिवसांतच जात. त्याचं एक कारण धनुर्वात. अस्वच्छ पात्यानं नाळ कापली की साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं होई, अंग ताठ होई. घरची माणसं नशिबाला बोल लावीत. लस अन् स्वच्छ बाळंतपण यांमुळे हा रोग इतका आटोक्यात आला, की २०१५ साली भारतानं त्याचं निर्मूलन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं.

तेव्हा लेकी-सुनेच्या बाळाची पाचवी हौसेनं पुजा. पण दिवस राहिले की लगेच दवाखान्यात नाव घाला, धनुर्वाताची इंजेक्शनं चुकवू नका, नाळेला राख-हळद लावू नका. सटवाईसाठी कागद कोरा ठेवा. बाळाचं लसीकरणाचं कार्ड मात्र कोरं ठेवू नका, बरं का!