पाच शहरं, दोन राण्या आणि तूरचा बिशप

सहाव्या शतकातल्या फ्रँक राजघराण्यावर कादंबरी लिहायला बसणाऱ्याला कथानक शोधावं लागत नाही. परदेशातून लग्न होऊन आलेली राणी बिछान्यात गळा आवळलेली सापडते. तिच्या जागी राजवाड्यातली एक दासी राणी होते. मेलेलीची धाकटी बहीण शेजारच्या राज्यात राणी असते, आणि मग चाळीस वर्षं दीर-भावजय, काका-पुतणे एकमेकांच्या जिवावर उठतात. ओग्युस्तँ त्येरी यांनी १८४० मध्ये या काळाच्या कथा पुस्तकरूपाने आणल्या आणि फ्रान्सच्या कित्येक पिढ्यांनी त्या वाचल्या. १८९५ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर फ्रेडेगुंड राणीचा ऑपेराही झाला. ब्रुनहिल्ड आणि फ्रेडेगुंड, दोन सवती शोभाव्यात अशा दोन वैरिणी, हे चित्र तेव्हापासून पक्कं बसलं आहे.

मला हे चित्र अपुरं वाटतं. त्यात सूड भरपूर आहे, मुलूख मात्र कुठेच नाही. शिवाय ही कथा आपल्याला कोणी सांगितली, याची चौकशी कादंबरीकार सहसा करत नाहीत.

आधी घराणं, मेरोविंजियन. फ्रँकांमध्ये राज्य थोरल्याकडे जात नसे, सगळ्या मुलांत वाटलं जाई. ५६१ मध्ये पहिला क्लोथार वारला तेव्हा चार मुलांनी राज्य वाटून घेतलं. त्यातला एक सहाच वर्षांत वारला आणि त्याच्या वाट्याचीही वाटणी झाली. उरले तिघे. सिगिबर्टकडे पूर्वेचा मुलूख, चिल्पेरिककडे सोआसोंच्या बाजूचा, तर गुंत्रामकडे बरगंडी. सिगिबर्टने ५६६ च्या सुमारास स्पेनच्या व्हिसिगॉथ राजाची मुलगी ब्रुनहिल्ड हिच्याशी लग्न केलं. मेत्सला थाटात सोहळा झाला आणि इटलीहून नुकत्याच आलेल्या फोर्चुनाटस कवीने लग्नात स्तुतिकाव्य म्हणून दाखवलं. ते पाहून चिल्पेरिकने तिच्या थोरल्या बहिणीला, गाल्सविंथाला मागणी घातली. बाकीच्या बायका सोडीन, असा शब्द दिला. त्या काळी नवराही बायकोला स्त्रीधन देई, आणि लग्नानंतरच्या सकाळी वेगळी भेट. गाल्सविंथाला दोन्ही मिळून पाच शहरं मिळाली: बोर्दो, लिमोज, काओर, बेआर्न आणि बिगोर. नैऋत्य गॉलचा हा मोठा पट्टा होता.

चिल्पेरिकची लाडकी दासी फ्रेडेगुंड मात्र राजवाड्यातून गेली नाही. गाल्सविंथाने नवऱ्याला विनवलं की आणलेला खजिना इथेच ठेवा, मला मात्र माहेरी जाऊ द्या. त्याने गोड बोलून तिची समजूत काढली आणि एका गुलामाकरवी तिचा गळा आवळला, असं तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो. खजिना तर ती स्वतःहूनच सोडून जात होती. शहरांबद्दल मात्र ती काही बोलल्याची नोंद नाही, आणि पुढची भांडणं पेटली ती त्या शहरांवरून. गुंत्रामने मध्यस्थी केली आणि निकाल लागला की मृत राणीची पाचही शहरं तिच्या बहिणीला मिळावीत. चिल्पेरिकने ती सहजासहजी सोडली नाहीत.

शहर हातात असणं म्हणजे काय, हे लिमोजमध्ये दिसतं. ५७९ मध्ये चिल्पेरिकने नवी करआकारणी केली. एका अर्पांत (जमिनीचं जुनं माप) द्राक्षमळ्यामागे एक घडा द्राक्षारस, शिवाय इतर जमिनीवर आणि गुलामांवर वेगळा कर. लिमोजचे लोक चिडून गोळा झाले, वसुलीला आलेल्या मार्कसच्या जिवावर उठले आणि कराच्या वह्या जाळून मोकळे झाले. राजाने जबर शिक्षा केल्या. पुढच्याच वर्षी हगवणीची साथ आली आणि फ्रेडेगुंडची दोन्ही मुलं अंथरुणाला खिळली. तेव्हा ती राजाला म्हणाली, गोरगरिबांचे तळतळाट आपल्या मुलांना भोवताहेत; ज्यांच्यासाठी साठवायचं तेच उरणार नसतील तर कोठारं कोणासाठी भरायची? मार्कसने तिच्या स्वतःच्या शहरांमधून आणलेल्या वह्या तिने आगीत टाकल्या. राजा कचरत होता, त्यालाही तिने तसंच करायला लावलं. मुलं वाचली नाहीत.

फ्रेडेगुंडविषयीचा हा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो सांगणारा तिचा मित्र नव्हता. ग्रेगरी ५७३ मध्ये बिशप झाला तो सिगिबर्ट आणि ब्रुनहिल्ड यांच्या मर्जीने. ५७५ मध्ये वित्री इथे सिगिबर्टला ढालीवर उचलून राजा म्हणून मिरवत असतानाच दोघा मारेकऱ्यांनी विषारी सुरे खुपसून त्याला ठार केलं. त्यांना फ्रेडेगुंडने पाठवलं होतं, असं ग्रेगरी सांगतो. त्यानंतर तूर चिल्पेरिकच्या ताब्यात गेलं आणि ग्रेगरीची ओढाताण सुरू झाली. चिल्पेरिकचा मुलगा मेरोवेख याने रुआँला जाऊन विधवा ब्रुनहिल्डशीच लग्न केलं. ते लावणाऱ्या बिशप प्रेटेक्स्टाटसवर ५७७ मध्ये पॅरिसला खटला चालला. त्याच्याविरुद्ध मत द्यावं म्हणून ग्रेगरीला २०० पौंड चांदी देऊ केली गेली, पण तो बधला नाही. ५८० मध्ये तर फ्रेडेगुंड राणीवर व्यभिचाराचा आळ घेतल्यावरून तो स्वतःच आरोपी म्हणून उभा राहिला आणि तीन वेद्यांपुढे शपथ घेऊन सुटला. अशा माणसाने फ्रेडेगुंडचं चित्र काळं रंगवलं तर नवल नाही. त्याने सांगितलेला एक प्रसंग असा: तिची मुलगी रिगुंथ आईला तुच्छ लेखायची. चिडून आईने दागिन्यांची पेटी उघडली आणि हवं ते घे म्हणाली. मुलगी आत वाकली तसं तिने झाकण मानेवर दाबलं. दासी ओरडल्या म्हणून पोरगी वाचली. कादंबरीकार हा प्रसंग कधी सोडत नाहीत. वह्या जाळण्याचा प्रसंगही त्याच ग्रेगरीने लिहिला आहे.

५८४ मध्ये चिल्पेरिक शिकारीहून परतताना शेल इथे मारला गेला. फ्रेडेगुंडच्या हाती उरलं चार महिन्यांचं मूल, दुसरा क्लोथार. ते चिल्पेरिकचंच आहे, हे पटवायला तिला तीन बिशप आणि ३०० माणसांच्या शपथा उभ्या कराव्या लागल्या. तिकडे ब्रुनहिल्डचीही तीच गत. नवरा मेला तेव्हा तिचा चिल्डेबर्ट पाच वर्षांचा होता. विश्वासू सरदार गुंडोवाल्डने त्याला पॅरिसमधून चोरून बाहेर काढलं म्हणून तो राजा झाला. दोघींचं सगळं बळ मुलाच्या श्वासावर अवलंबून होतं. मुलगा गेला की राणीला मठाची वाट.

ब्रुनहिल्डने पाच शहरांचा दावा सोडला नव्हता. २८ नोव्हेंबर ५८७ रोजी आंदेलो इथे गुंत्रामशी तह झाला. त्याचा मजकूर ग्रेगरीने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवला आहे आणि गाल्सविंथाची पाच शहरं त्यात नावानिशी येतात. काओर ब्रुनहिल्डला लगेच, बाकीची चार गुंत्रामच्या मरणानंतर. खुनाला जवळजवळ वीस वर्षं झाली होती. बहिणीच्या रक्ताचा सूड म्हणून जे सांगितलं जातं, त्याचा मोठा भाग हा वारसाहक्काचा चिवट दावा होता, आणि तो तिने कागदावर जिंकला.

५९७ मध्ये फ्रेडेगुंड वारली, कोणी मारली नाही. ग्रेगरी त्याआधीच गेला होता. यानंतरची ब्रुनहिल्ड आपल्याला दाखवतात ते तिच्या पाडावानंतर लिहिणारे लोक. संत कोलंबानसचा चरित्रकार जोनास तिला दुसरी ईझेबेल (बायबलातली दुष्ट राणी) म्हणतो. या संताने तिच्या पणतवंडांना आशीर्वाद द्यायला नकार दिला होता. त्याच बाईला रोमचा पोप ग्रेगरी (तूरचा बिशप नव्हे) इंग्लंडला निघालेल्या ऑगस्टीनला मदत करा म्हणून लिहीत होता आणि नंतर आभारही मानत होता. ऑस्ट्रेशियाच्या, म्हणजे पूर्वेच्या राज्याच्या, दरबारातली ४८ पत्रं एकाच हस्तलिखितात टिकली आहेत. त्यांत ब्रुनहिल्डने आपल्या नातवाला, अथानागिल्डला लिहिलेलं पत्र आहे. त्याची आई इंगुंड बायझंटाइन सैन्याच्या ताब्यात असताना वारली आणि पोर कॉन्स्टँटिनोपलच्या हाती राहिलं. तू आहेस तोवर मी लेक पुरती गमावलेली नाही, अशा आशयाचं आजी लिहिते. सोबतची पत्रं सम्राटाच्या दरबाराला, तहाच्या बोलणीची. मायेच्या आणि मुत्सद्देगिरीच्या ओळी एकाच टपालाने गेल्या. ही बाई कादंबरीत यायला हवी.

६१३ मध्ये ब्रुनहिल्डचा दुसरा नातू, राजा थ्युडेरिक, हगवणीने मेला. ब्रुनहिल्डने राज्याचे तुकडे होऊ दिले नाहीत. चार पणतूंपैकी थोरल्या सिगिबर्टला, अकरा-बारा वर्षांच्या पोराला, एकट्याला गादीवर बसवलं. सरदारांना आणखी एक बालराजा आणि त्याच्यामागे ही सत्तरीची म्हातारी नको होती. मेत्सकडचे सरदार आर्नुल्फ आणि पिपिन यांनी फ्रेडेगुंडच्या मुलाला बोलावलं. राजवाड्याचा कारभारी वार्नाखार आतून फितूर झाला. सैन्य न लढताच मागे फिरलं. ब्रुनहिल्ड ओर्बला पकडली गेली आणि रनेव्हला क्लोथारपुढे आणली गेली.

दहा राजांचा जीव घेतल्याचा आरोप तिच्यावर ठेवला. फ्रेडेगारच्या बखरीत ती यादी आहे. पहिलंच नाव तिच्या नवऱ्याचं, सिगिबर्टचं, ज्याचे मारेकरी क्लोथारच्या आईने धाडले होते असं सांगितलं जातं. पुढे मेरोवेख, चिल्पेरिक, नातू आणि त्यांची मुलं. यादीच्या शेवटी थ्युडेरिकचे तीन मुलगे, जे क्लोथारच्याच हाती पडले होते. तीन दिवस छळ केला, उंटावर बसवून सैन्यात फिरवलं आणि शेवटी केस, एक हात व एक पाय उधळ्या घोड्याच्या शेपटीला बांधून मारलं.

क्लोथारने वार्नाखारला बरगंडीचा कारभारी केलं आणि हयातभर पदावरून काढणार नाही अशी शपथ दिली. ६१४ मध्ये पॅरिसच्या फर्मानाने एका प्रांताचा न्यायाधीश दुसऱ्या प्रांतातून आणायचा नाही असं ठरलं, म्हणजे अधिकार स्थानिक जमीनदारांच्याच घरात राहिला. आर्नुल्फच्या मुलाशी पिपिनच्या मुलीचं लग्न झालं, आणि त्यांच्या वंशातल्या धाकट्या पिपिनने ७५१ मध्ये शेवटच्या मेरोविंजियन राजाचे लांब केस कापून त्याला मठात धाडलं व गादी घेतली.