दोन नोंदींमधली रात्र

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ज्या पेटीत राहतात तिला सगळे ‘आयएलआर’ म्हणतात. वरून उघडणारं झाकण, आतल्या भिंतींना बर्फाचं अस्तर आणि हाताशी टांगलेली तापमानाची वही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा थर्मामीटर बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची. सुट्टीच्या दिवशीही यात खंड नाही. आकडा २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मध्ये असला की सगळं ठीक.

ही वही कितीही प्रामाणिकपणे लिहिली तरी तिला दिवसातले दोनच क्षण ठाऊक असतात. वीज जाण्याची फारशी भीती नाही. बर्फाचं अस्तर असल्यामुळे दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी पेटीचं भागतं. खरी भीती थर्मोस्टॅटची. तो बिघडून पेटी मध्यरात्री शून्याखाली उतरली आणि उजाडेपर्यंत सावरली, तर सकाळच्या रकान्यात नेहमीसारखा ४ अंशच लिहिला जाणार. लिहिणाऱ्याची त्यात काहीच चूक नाही.

देशभरातल्या अशा हजारो पेट्यांना आता एक सेन्सर जोडलेला आहे. तो दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवतो, म्हणजे दिवसाला दोनऐवजी १४४ नोंदी. बाहेर बसवलेल्या यंत्रात सिमकार्ड असतं आणि त्यातून तासातासाला ही माहिती सर्व्हरवर जाते. तापमानाने मर्यादा ओलांडली की यंत्र जागेवर वाजतं आणि शीतसाखळी तंत्रज्ञाच्या, अधिकाऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस पोहोचतो. या व्यवस्थेचं नाव ई-विन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हॅक्सिन इंटेलिजन्स नेटवर्क. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम (यूएनडीपी) आणि ‘गावी’ ही लसविषयक आंतरराष्ट्रीय आघाडी यांनी मिळून २०१५ मध्ये १२ राज्यांपासून ती उभी करायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या लॉजिस्टिमो या कंपनीचं.

लस गरमीने बिघडते हे कुणालाही पटतं. ती थंडीनेही बिघडते हे पटवून द्यावं लागतं, कारण ‘जितकं गार तितकं चांगलं’ हा आपला घरगुती अनुभव. पोलिओचे तोंडाने द्यायचे थेंब उष्णतेला सर्वांत हळवे. गोठलेल्या अवस्थेत ते उलट अधिक टिकतात, म्हणून वरच्या पातळीवरच्या भांडारांत ते डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, धनुर्वात-घटसर्पाची टीडी यांचं नेमकं उलट. या लसी एकदा गोठल्या की त्यांची ताकद जाते ती परत येत नाही. म्हणूनच आयएलआरच्या तळाशी, जिथे थंडी सर्वांत जास्त, त्या ठेवायच्या नाहीत असा नियम आहे.

यातली भयंकर गोष्ट अशी की गोठून वितळलेली कुपी वरवर पाहता चांगल्या कुपीसारखीच दिसते. पोलिओच्या आणि इतरही कुप्यांवर व्हीव्हीएम नावाची खूण असते, गोलातला एक चौकोन. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाचा झाला की कुपी टाकून द्यायची. पण ही खूण गरमीचा हिशेब ठेवते, गोठण्याचा नाही. गोठल्याचा संशय आला तर कुपी हलवून, गाळ किती वेगाने खाली बसतो ते पाहावं लागतं. संशयच आला नाही तर? बाळाला सुई टोचली जाते, ते रडतं, आई कार्डावर तारीख लिहून घेऊन घरी जाते, आणि संरक्षण मिळालेलं नसतं. ही फसगत त्या आईला कधीच कळणार नाही, आणि टोचणाऱ्या सेविकेलाही नाही. म्हणून १४४ नोंदींचं मोल मोठं.

तापमान ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी साठ्याची. १९८५ पासून चाललेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात दरवर्षी सुमारे २.६ कोटी नवजात बालकं आणि २.९ कोटी गरोदर स्त्रिया येतात. त्यांच्यासाठीच्या लसी कारखान्यातून निघून केंद्र सरकारच्या भांडारांत (करनाल, मुंबई, चेन्नई, कोलकाता) किंवा थेट राज्याच्या भांडारात येतात. तिथून विभाग, मग जिल्हा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि सत्राच्या दिवशी बर्फाच्या पॅकांमध्ये ठेवलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमधून अंगणवाडीपर्यंत. महाराष्ट्रात अठराशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. यांपैकी कुठल्या पेटीत आज कुठल्या लसीचे किती डोस आहेत, हा प्रश्न साधा वाटतो. पण कागदी अहवाल महिन्याने वर सरकायचे, प्रत्येक टेबलावर बेरीज व्हायची, आणि राज्याच्या हाती चित्र यायचं तेव्हा ते केव्हाच शिळं झालेलं असायचं.

अशा अंधारात काम करणारा माणूस शहाणपणानेच साठवून ठेवतो. पुढची खेप कधी येईल याची खात्री नसेल तर गरजेपेक्षा दोन खोके जास्त मागून घेणं हा त्याच्या दृष्टीने हलगर्जीपणा नाही, काळजी आहे. पण प्रत्येकाने तीच काळजी घेतली की एका केंद्रात कुप्या मुदत संपेपर्यंत पडून राहतात आणि वीस किलोमीटरवरच्या केंद्रातून आया बाळांना घेऊन तशाच परत जातात. ई-विनच्या पडद्यावर प्रत्येक केंद्रापुढे प्रत्येक लसीची किमान आणि कमाल पातळी ठरलेली असते. शून्य साठा तर दिसतोच, कमाल पातळीच्या वर गेलेला साठाही दिसतो. शेजारच्या केंद्राकडे काय आहे हे जिल्ह्याला ठाऊक असलं, की एका फोनवर कुप्या इकडच्या तिकडे नेता येतात. आणि असं दोन-चारदा घडलं की साठवून ठेवण्याची गरजही कमी होते. शासनाच्या कामात विश्वास म्हणतात तो असाच, खेपेमागून खेप वेळेवर येऊन तयार होतो.

या प्रकल्पाची सुरुवात कशी झाली हे फार बोलकं आहे. आधी वह्या बदलल्या. सगळीकडे एकाच नमुन्याची साठा नोंदवही आणि वितरण नोंदवही आली, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहायच्या जागा ठरल्या. ज्यांच्या हातात पेटीची किल्ली, त्या औषधनिर्मात्यांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं. त्यानंतर स्मार्टफोन. लसीकरणाच्या दिवशी संध्याकाळी वहीत निव्वळ वापर लिहायचा आणि तोच आकडा अ‍ॅपमध्ये भरायचा, एवढाच त्यांचा वाटा. प्रत्येक जिल्ह्यात एक लस व शीतसाखळी व्यवस्थापक नेमला गेला. त्याचं काम या नोंदींच्या मागे लागणं: आकडा का आला नाही, आला तो असा का आला, पेटी का तापली. पैसे सॉफ्टवेअरवर खर्च झाले तसे या माणसांवरही झाले. सरकारी संगणकीकरणात सहसा राहून जाणारी गोष्ट इथे राहिली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

ऑगस्ट २०२० मध्ये मंत्रालयाने प्रसिद्ध केलेले आकडे असे: ५८५ जिल्ह्यांतली २३,५०७ शीतसाखळी केंद्रं ई-विनवर, ४१,४२० कर्मचारी प्रशिक्षित, सुमारे २३,९०० तापमान यंत्रं बसवलेली. लस संपण्याचे प्रसंग ८० टक्क्यांनी घटले आणि साठा पुन्हा भरायला लागणारा वेळ सरासरी निम्म्याहून कमी झाला, असंही त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी एप्रिलपासून महाराष्ट्रासह आठ राज्यांनी याच व्यवस्थेवर कोविडची ८१ औषधं आणि उपकरणं मोजायला घेतली होती. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचं लसीकरण सुरू झालं तेव्हा घराघरात पोहोचलेलं को-विन हे नाव याच घराण्यातलं. लोकांना को-विन म्हणजे अपॉइंटमेंट आणि प्रमाणपत्र एवढंच दिसलं. त्याच्या पोटात पाच-सहा वर्षं रुळलेली साठ्याची आणि तापमानाची व्यवस्था होती. इंडोनेशियानेही ई-विनच्या धर्तीवर ‘स्माइल’ नावाची व्यवस्था उभी केली.

अशा आकड्यांनी हुरळून जाण्याआधी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात डोकावणं गरजेचं आहे. निवृत्त सैनिकांसाठीची तिथली सरकारी रुग्णालयांची यंत्रणा अतिशय मोठी, आणि संगणकीकरणात जगाच्या कितीतरी पुढे होती. २०११ मध्ये तिने ठरवलं की रुग्णाला १४ दिवसांत भेटीची वेळ मिळाली पाहिजे. प्रतीक्षेचा आकडा पडद्यावर आला आणि वरिष्ठांच्या कामगिरीचं मूल्यमापनही त्याच्याशी जोडलं गेलं. २०१४ मध्ये महानिरीक्षकांनी फिनिक्समधल्या २२६ सैनिकांच्या नोंदी तपासल्या. पहिल्या भेटीसाठी सरासरी २४ दिवस लागतात असं रुग्णालयाचे आकडे सांगत होते. प्रत्यक्षात ११५ दिवस लागले होते. सुमारे १,७०० सैनिक वाट पाहत होते आणि अधिकृत यादीत त्यांचं नावच नव्हतं. त्या मे महिन्याच्या अखेरीस खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. पडदा शेवटपर्यंत नीट चालत होता. ज्यांची परीक्षा व्हायची, त्यांच्याच हाताने त्यात आकडे भरले जात होते.

ई-विनमधलं तापमान या रोगापासून बऱ्यापैकी सुरक्षित आहे. सेन्सरला बढती नको असते. साठ्याचा आकडा मात्र माणूसच भरतो. ९९ टक्के केंद्रं नियमित नोंद करतात, याचा अर्थ नोंद झाली एवढाच. ती खरी आहे का, हे पेटी उघडून कुप्या मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून पर्यवेक्षकाने महिन्यातून काही वेळा गाडीतून उतरून वही, अ‍ॅप आणि पेटी यांचे तीन आकडे जुळवून पाहणं, हे डॅशबोर्डच्या काळात अधिकच गरजेचं झालं आहे.

जुन्या केंद्रांच्या भिंतीवर लसीकरणाचा एक आलेख असायचा. महिन्यामागून महिना चढत जाणाऱ्या दोन रेषा, एक पहिल्या डोसची, दुसरी तिसऱ्या डोसची. दोहोंतली फट म्हणजे मधेच गळालेली बाळं. तो आलेख काढणारी आणि वाचणारी माणसं एकच होती. फट रुंदावली की कुठल्या वस्तीवर जायचं हे त्यांना ठाऊक असायचं. नव्या पडद्याचा वाचक दोनशे किलोमीटरवर बसतो. त्याला रेषा दिसते, वस्ती दिसत नाही.

वाया जाणाऱ्या लसीचा आकडा घ्या. बीसीजीची कुपी दहा डोसांची. एकदा द्रावण मिसळलं की चार तासांनी उरलेली टाकून द्यावी लागते. सत्राला एकच बाळ आलं तरी कुपी उघडावी, असं मार्गदर्शन आहे. नऊ डोस गेले तरी चालतील, बाळ परत जाता कामा नये. आता पडद्यावर त्या केंद्रापुढे नव्वद टक्के नासाडी दिसणार. तिथे बैठकीत आवाज चढला तर पुढच्या वेळी सेविका काय करील हे सांगायला तज्ज्ञ नको. ती म्हणेल, ‘ताई, पुढच्या बुधवारी या, तेव्हा बाकीची बाळंही असतील.’ पडद्यावरचा आकडा सुधारेल. बाळ कदाचित येणारच नाही. वरच्या खुर्चीतल्या माणसाने त्या आकड्याकडे बघून आधी ‘किती बाळं आली होती?’ हे विचारलं, तर त्याला राज्यकारभार कळला म्हणायचं.

शिवाय पेटीतला डोस म्हणजे दंडातला डोस नव्हे. ई-विन कुप्या मोजतं, बाळं मोजत नाही. ती उणीव भरायला यू-विन आलं. जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत त्याची चाचणी सुरू झाली. गरोदर बाईची नोंद, जन्मलेल्या बाळाची नोंद, आणि पुढचा डोस देशात कुठल्याही केंद्रावर घेता येण्याची सोय.

महाराष्ट्रात याची सर्वांत मोठी गरज कुणाला, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात निघतात. सहा आठवड्यांचं बाळ पहिला पेंटा गावी घेतं, दुसरा आणि तिसरा फडावर असताना यायचा असतो. गावच्या आशाताईंच्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस बाकी असलेल्या बाळांच्या यादीत, त्याचं नाव असतं, पण बाळ गावात नसतं. फडाजवळच्या केंद्राच्या पेटीत लस असते, पण त्यांच्या यादीत नाव नसतं. दोन्हीकडचे साठ्याचे आकडे अगदी बरोबर असतात. आता ते नाव फडाजवळच्या आरोग्यसेविकेच्या फोनवर उघडू शकतं. पुढे तिने कारखान्याच्या गेटवर टोळी कुठे उतरली ते विचारायचं, कॅरियर खांद्याला अडकवून टोळीच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे झोपड्यांपर्यंत, जायचं, आणि सत्राची वेळ सकाळी दहाची न ठेवता आई उसाच्या फडातून परतते त्या वेळेची ठेवायची.