उभ्या अक्षरांचं गाव

चीनला जाऊन आलो असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अरे, पण तू खाल्लंस काय?" मी शाकाहारी, म्हणजे प्रश्न रास्तच आहे. पण २०१९च्या जुलैत बीजिंगच्या उत्तरेला, गवताळ पठारावरच्या एका छोट्या गावात मी दोन रात्री राहिलो आणि तिथे चांगला पोटभर जेवलो. ती जेवणाची गंमत सांगतोच. पण मला हा लेख लिहावासा वाटला तो एका वहीमुळे. एका नऊ वर्षांच्या मुलीची वही.

कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे बीजिंगमध्ये होतो. आमच्या टीममधला एक सहकारी मंगोल. मंगोलिया देशाचा नव्हे, चीनच्या इनर मंगोलिया या स्वायत्त प्रदेशातला. मंगोलिया देशात आहेत त्याहून जास्त मंगोल चीनमध्ये राहतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. आणि तरीही खुद्द इनर मंगोलियाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. मी त्याला म्हटलं, "मीसुद्धा गुजरातमध्ये राहणारा मराठी." बडोदा, गायकवाड, जवळपास तीनशे वर्षं, असं सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मग शनिवारी माझ्या गावाला चल. तुला कळेल."

बीजिंगहून गाडीने निघालो. आधी डोंगर, घाट, बोगदे. मग झांगबेईजवळ रस्ता एकदम पठारावर चढतो आणि डोळ्यांसमोर आडवं, मोकळं जग पसरतं. पवनचक्क्यांच्या रांगा, बटाट्याची शेतं, आणि मग नुसतं गवत. पाच-सहा तासांनी आम्ही झेंगलानला पोहोचलो. त्या भागात तालुक्याला मंगोल भाषेत ‘खोशू’ म्हणतात, म्हणजे निशाण. मांचू बादशहांच्या काळातल्या लष्करी निशाणांवरून पडलेली ही नावं. हा तालुका निळ्या निशाणाचा. चीनमध्ये प्रमाण मंगोल उच्चार म्हणून याच तालुक्याची बोली धरतात. म्हणजे मी थेट मंगोलांच्या ‘पुण्यात’ येऊन पडलो होतो! (पुणेकरांनी हलकेच घ्यावं.)

गाव मात्र आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणासारखंच. रुंद रस्ते, चार-पाच मजली इमारती, मोबाईलची दुकानं, मोटरसायकल दुरुस्ती, कडेला घोड्याचा पुतळा. चित्रात पाहतो तसे गोल तंबू होते, पण ते बहुतेक पर्यटकांसाठी. माणसं विटांच्या घरात राहतात आणि मेंढ्या हाकायला मोटरसायकल वापरतात. आधी पोलीस ठाण्यात गेलो, कारण परदेशी माणूस कुणाच्या घरी उतरला तर चोवीस तासांत नोंद करावी लागते. तिथल्या शिपायाने माझा पासपोर्ट तीनदा उलटसुलट पाहिला. बहुधा मी त्याच्या वहीतला पहिलाच भारतीय असेन.

घराच्या दारात सहकाऱ्याची आई उभी होती. त्यांना सगळे ‘एज’ म्हणतात, म्हणजे आई. आत शिरताना मित्राने सांगितलं, "उंबरठ्यावर पाय देऊ नकोस." मी म्हटलं, "हे मला सांगायची गरज नाही, माझ्या आजीने यावरून पुष्कळ धपाटे घातलेत."

मग चहा. तो मिठाचा! वडीसारखा घट्ट दाबलेला चहा फोडून उकळतात, त्यात दूध आणि मीठ. वर भगरीसारखं भाजलेलं धान्य टाकतात, साय टाकतात, वाळवलेल्या चीजचे तुकडे टाकतात, आणि चहा पितात की खातात ते कळेनासं होतं. मंगोल लोक अन्नाचे दोन भाग करतात, ‘पांढरं’ आणि ‘लाल’. लाल म्हणजे मांस, पांढरं म्हणजे दुधाचं. आणि पांढऱ्याचा मान मोठा, पाहुण्यापुढे आधी तेच ठेवायचं. एजना माझी अडचण सांगितल्यावर त्यांनी दोन दिवस मला पांढऱ्यावरच ठेवलं. मंद आचेवर दूध तापवून, पळीने वरखाली ओतून फेस आणून, रात्रभर ठेवून सकाळी जाड सायीची चकती काढतात, तिला ‘उरुम’ म्हणतात. ती घडी घालून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, उजव्या हाताने, डावा हात कोपराला लावून. मला क्षणभर आमच्या वाडीतलं स्वयंपाकघर आठवलं.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या काकांच्या कुरणावर गेलो. तिथे पहिलं काय दिसलं, तर तारेचं कुंपण. माझ्या डोक्यातल्या गवताळ प्रदेशात कुंपण नव्हतं. काकांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी ऋतूप्रमाणे कुरण बदलायचं, जनावरं घेऊन सरकत राहायचं. १९८०च्या दशकात आधी जनावरं आणि पुढे कुरणं घराघरांत वाटली गेली. वाटणी आली तशी तार आली. मेंढ्या त्याच तुकड्यावर वर्षभर फिरू लागल्या, गवताला उसंत मिळेना. शेजारीच हुनशानदाक हा वाळूचा मोठा पट्टा आहे. वाळू उडाली की वादळ थेट बीजिंगपर्यंत जायचं. मग २००० सालानंतर सरकारने चराईवर बंधनं घातली, काही कुटुंबांना गावात आणून वसवलं. गवत काही ठिकाणी परत आलं हे काका मान्य करतात. पण त्यांची दोन्ही मुलं आता गावात नोकरी करतात आणि त्यांना घोड्यावर बसता येत नाही. "गवत वाचलं, पण त्यावर राहणारं कोणी उरलं नाही तर?" एवढंच म्हणून ते मेंढ्यांकडे गेले.

तिथून जवळच शांगदू आहे. इंग्रजी कवितेतलं ‘झनाडू’ ते हेच, कुबलाई खानाची उन्हाळी राजधानी. १२५६ साली बांधायला घेतलं. १२६० साली कुबलाई इथेच ‘महान खान’ झाला. पुढे मार्को पोलो इथे येऊन गेला आणि त्याने संगमरवरी राजवाडा आणि खानाच्या हजारो पांढऱ्या घोड्या यांचं वर्णन लिहून ठेवलं. १३५८ साली बंडखोरांनी शहर जाळलं. २०१२ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. प्रत्यक्षात काय दिसतं? गवतात बुडालेले मातीचे तट, पायाचे दगड आणि वारा. एकात एक तीन चौकोनी तट, आणि आत फुलंच फुलं.

तिथल्या संग्रहालयात मला एक वेगळीच लिपी दिसली. चौकोनी अक्षरं, एकाखाली एक रचलेली. कुबलाईने १२६९ साली साम्राज्यातल्या सगळ्या भाषांसाठी एकच लिपी जाहीर केली होती, ती ही. ‘फाग्स-पा’ नावाच्या तिबेटी लामाने ती तयार केली. तिचं मूळ तिबेटी लिपीत, तिबेटीचं ब्राह्मीत. म्हणजे आपल्या देवनागरीची लांबची चुलत बहीणच! त्यावेळचा जगातला सर्वांत बलाढ्य बादशहा तिच्या पाठीशी होता. हुकूम निघाले, शाळा काढल्या. आणि शंभर वर्षांत, १३६८ साली राज्य गेलं तशी लिपीही व्यवहारातून गेली. राहिली ती जुनी उभी मंगोल लिपी, १२०४च्या सुमारास उइघुरांकडून घेतलेली, जी लोक घरोघरी आधीपासून लिहीत होते.

आता त्या वहीकडे येतो. मित्र आणि त्याची बायको बीजिंगमध्ये नोकरी करतात, पण मुलीला त्यांनी गावी आजी-आजोबांकडे ठेवलं होतं. कारण एकच, इथे मंगोल माध्यमाची शाळा होती. आठवडाभर मुलगी दिसत नाही, दर दुसऱ्या शनिवारी पाच-सहा तास गाडी चालवून यायचं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी स्वतःला विचारलं, मला हे जमलं असतं का? उत्तर सोपं होतं, नाही.

संध्याकाळी त्या मुलीने वही आणून मला तिची लिपी दाखवली. मधोमध एक उभी रेघ खाली येते, तिला ‘कणा’ म्हणतात, आणि तिला दात, पोट, शेपूट लागत जातात. ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. तिने माझं नाव लिहून दिलं. मग वही माझ्याकडे सरकवली, "आता तू तुझ्या लिपीत माझं लिही." मी लिहिलं. तिने माझी शिरोरेघ पाहिली, वही नव्वद अंशांत फिरवली आणि विजयी चेहऱ्याने म्हणाली, "बघ, तुमचाही कणाच आहे. फक्त झोपलाय!"

तिच्याकडूनच कळलं की त्यांच्या जुन्या ग्रहनामांत ‘अंगारग’, ‘बुद’, ‘सान्चिर’ अशी नावं आहेत. अंगारक, बुध, शनैश्चर! बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत शब्द इथवर चालत आले होते.

पेशाने इंजिनीयर असल्यामुळे मी मित्राला विचारलं, ही लिपी मोबाईलवर कशी टाइप करता? तो म्हणाला, "डोकेदुखी आहे." युनिकोडमध्ये मंगोल लिपी १९९९ पासून आहे, पण तिथे संकेत उच्चाराप्रमाणे दिले आहेत, आणि लिपीत काही वेगळे उच्चार एकसारखेच दिसतात. ‘ओ’ आणि ‘उ’ कागदावर अगदी सारखे. मग दोन माणसं एकच शब्द वेगवेगळी अक्षरं दाबून लिहितात, पडद्यावर तो एकसारखा दिसतो, पण शोधायला गेलं की सापडत नाही. एज म्हणूनच मुलाला आवाजी निरोप पाठवतात. "मग वाचताना ओ की उ हे कसं ओळखायचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "शब्द आधी कानाला माहीत असावा लागतो. भाषा येत असेल तरच लिपी वाचता येते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण हीच तक्रार मी आधी ऐकली होती. आमच्या घरी पणजोबांच्या मोडी कागदांचं एक गाठोडं आहे. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात. आधी रेघ ओढायची आणि लेखणी न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. वाचणाऱ्याला मराठी कानातून यावी लागते. पणजोबांना मोडी येत होती, आजोबांना अर्धी, बाबांना अजिबात नाही. मी गुजराती माध्यमात शिकलो, मुलगी इंग्रजी माध्यमात. दर पिढीला एकेक पायरी. आणि ही पायरी आमच्यावर कोणी लादली नव्हती, आम्हीच सोयीने उतरत आलो.

पुढच्याच वर्षी, २०२०च्या सप्टेंबरात, बातमी आली. इनर मंगोलियातल्या मंगोल शाळांत भाषा-साहित्य, राज्यशास्त्र आणि इतिहास हे तीन विषय टप्प्याटप्प्याने चिनी भाषेतून शिकवायचं ठरलं होतं. पालकांनी मुलांना शाळेत पाठवलं नाही, निदर्शनं झाली, आणि निर्णय कायम राहिला. मी मित्राला विचारू की नको असा विचार करत होतो. शेवटी फक्त विचारलं, "मुलगी कशी आहे?" बऱ्याच दिवसांनी एक फोटो आला, सोबत शब्द नव्हते. स्वयंपाकघरातलं टेबल, चहाचा वाडगा, एजचा हात आणि त्या हाताखाली उभ्या ओळींची वही.

त्या फोटोनंतर मी गाठोडं खाली काढलं. मंडळातल्या एका काकांकडे दर रविवारी सकाळी मोडी शिकू लागलो. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली आहे, त्यामुळे एक आळशी विचार आला होता की एखादं ॲप येईल आणि सगळं वाचून देईल. येईलही. पण कानात मराठी नसेल तर ॲपने बरोबर वाचलं की चूक, हे घरात कोण सांगणार?

मुलगी आता माझ्या शेजारी बसते. आम्ही वाचलेला पहिला कागद म्हणजे काही मोठा ऐतिहासिक ठेवा नव्हता. घराच्या डागडुजीचा हिशेब होता. चुना, विटा, सुताराची मजुरी, आणि शेवटी ‘चहा’. तो शब्द मुलीने आधी ओळखला, माझ्याआधी. "बाबा, पणजोबांचे बाबा चहा पीत होते?" तिला खरंच नवल वाटलं. मी म्हटलं, "हो, पण मिठाचा नाही."

आपल्यापैकी किती जणांच्या माळ्यावर अशी गाठोडी असतील! दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहा. वाचता नाही आली तर रविवारी सकाळी आमच्याकडे या. चहा साधाच मिळेल, साखरेचा.