दुरियानच्या गांवाला

प्रवासाचीं निमित्तें अनेक असतात. कोणी तीर्थासाठीं निघतो, कोणी व्यापारासाठीं, कोणी हवापालटासाठीं. परंतु एक फळ खावें, आणि तें जेथें पिकतें तेथेंच जाऊन खावें, एवढ्याच हेतूनें पासपोर्ट काढणारीं माणसेंहि जगांत आहेत, हें ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. वास्तविक हंसण्याचें कारण नाहीं. मे महिन्यांत मुंबईचा चाकरमानी कोंकणांत जातो तो केवळ वडीलमंडळींच्या भेटीसाठीं जातो असें नाहीं. आढींतून काढलेला पहिला आंबा आणि अंगणांत फोडलेला बरका फणस यांचीहि ओढ त्याला असते. हीच ओढ समुद्रापलीकडे नेली म्हणजे दुरियानच्या यात्रेकरूची कल्पना येते.

दुरियान हें आग्नेय आशियांतील फळ होय. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स या देशांत त्याची थोरवी एवढी आहे कीं त्याला फळांचा राजा म्हणतात. मलायी भाषेंत ‘दुरी’ म्हणजे कांटा. त्यावरून ‘दुरियान’, म्हणजे कांटेरी फळ. प्रथमदर्शनीं तें फणसाचें धाकटें भावंड वाटतें. परंतु फणस हा वड-उंबरांच्या कुळांतला, तर दुरियान सांवर, भेंडी आणि कापूस यांच्या कुळांतला. फणसाचे कांटे बोथट असतात. दुरियानचे इतके तीक्ष्ण कीं उघड्या हातानें फळ उचलणें कठीण. त्याचें वजन साधारणतः एक ते तीन किलो भरतें. सालीवर बारकाईनें पाहिलें तर पांच पुसट शिवणी दिसतात. त्यांत सुरीचें टोंक खुपसून जरा पिळलें कीं फळ उकलतें, आणि आंतील पांच कप्प्यांत साईसारख्या मऊ गराचे पिवळसर गोळे दिसतात. गराच्या पोटांत आठळीएवढी बी असते.

या फळाच्या वासाविषयीं मात्र फार बोलबाला आहे. कोणाला त्यांत सडक्या कांद्याची आठवण होते, तर कोणाला गंधकाची. सिंगापूरच्या शहरी आगगाडींत दुरियान नेण्यास मनाई आहे. २०१८ च्या नोव्हेंबरांत इंडोनेशियांतील बेंगकुलू येथें एका विमानांत दोन टन दुरियान भरलेला होता. उतारूंनीं त्या वासांत बसण्यास नकार दिल्यामुळें अखेर फळांचीं पोतीं उतरावीं लागलीं आणि मगच विमान उडालें. २०१७ मध्यें सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनीं दुरियानचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसलें कीं, गंधकयुक्त बाष्प निर्माण करण्यास कारणीभूत होणाऱ्या एका जनुकाच्या अनेक प्रती या झाडांत आहेत. हा वास म्हणजे दोष नसून जंगलांतील पशूंना दिलेलें आमंत्रण आहे, असें शास्त्रज्ञ मानतात. फळ पिकल्याची वर्दी दुरून मिळाली म्हणजे पशु येतात, गर खातात आणि बी दूर नेऊन टाकतात.

आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. तो १८५४ मध्यें मलायांत आला. मलाक्का येथें घरांत आणलेल्या दुरियानचा वास त्याला इतका असह्य झाला कीं त्यानें तें फळ चाखण्याचेंहि नाकारलें. पुढें बोर्निओंत त्याला जमिनीवर पडलेलें एक पिकें फळ मिळालें. तें त्यानें उघड्या हवेंत खाल्लें, आणि त्या दिवसापासून तो दुरियानचा भक्त बनला. १८६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत, केवळ या फळासाठीं पूर्वेकडे येण्याचे कष्ट सार्थकीं लागतात, असा अभिप्राय त्यानें नमूद केला. माणूस तोच आणि फळहि तेंच. बदलली ती जागा आणि घटका. दुरियानच्या यात्रेचें सगळें मर्म या एका गोष्टींत आहे.

घटकेला एवढें महत्त्व कां, तें समजून घेतलें पाहिजे. मलेशियांत दुरियान झाडावरून तोडीत नाहींत. तो पूर्ण पिकून आपोआप गळावा म्हणून वाट पाहतात. फळें बहुधा रात्रीं गळतात. तीं फुटूं नयेत म्हणून झाडांखालीं जाळीं बांधतात आणि भल्या पहाटे वेंचणी करतात. असें फळ एक-दोन दिवसांतच उतरूं लागतें. पडल्यावर थोड्याच तासांत खाल्लेल्या गरानें जीभ किंचित् बधिर होते, आणि ती बधिरता हीच ताजेपणाची खूण, असें दर्दी लोक सांगतात. थायलंडची रीत निराळी. तेथें फळ पुरतें पिकण्यापूर्वींच देठासह कापतात. झाडावरचा माणूस फळ खालीं सोडतो आणि खालचा माणूस तें गोणपाटांत अचूक झेलतो. हें फळ पुढें कांहीं दिवसांनीं पिकतें, म्हणून तें दूरदेशीं पाठवितां येतें. एका रीतीनें चवीची परिपूर्णता मिळते, तर दुसरीनें प्रवासाची सोय होते. दोन्ही एका फळांत सांपडणें कठीण.

यात्रेला निघणाऱ्यानें म्हणून प्रथम मोसम पाहावा. मे-जूनमध्यें थायलंडच्या पूर्वेकडील चांथाबुरी प्रांतांत फळांचे ढीग लागतात. थायी लोकांनीं आपल्या जातींना मोठीं चित्रमय नांवें दिलीं आहेत. ‘मोन थोंग’ म्हणजे सोन्याची उशी: फळ मोठें, गर भरपूर, गोडी सौम्य, वासहि मर्यादित. नवख्यानें येथूनच आरंभ करावा. ‘चानी’ म्हणजे गिबन वानर, ‘क्रदुम’ म्हणजे गुंडी. ‘कान याव’ म्हणजे लांब देठाचा. बँकॉकजवळच्या नोंथाबुरींतील या जातीचा मान एवढा कीं, २०१९ मध्यें तेथील लिलावांत एकच फळ पंधरा लाख बातला गेलें. २०११ च्या महापुरांत नोंथाबुरींतील पुष्कळ जुन्या बागा बुडून मेल्या. उरलेल्या थोड्या झाडांचें मोल त्यामुळें आणखीच चढलें.

जून ते ऑगस्ट हा मलेशियाचा मुख्य मोसम. पेनांग बेटावरील बालिक पुलाऊच्या डोंगरउतारावर आणि पाहांग राज्यांतील रौबच्या परिसरांत लोक खास दुरियानसाठीं जातात. कांहीं बागाईतदार पाहुण्यांना रात्रीं मुक्कामालाहि ठेवतात. अंधारांत फळ पडल्याचा धप्प असा आवाज ऐकणें हाहि यात्रेचा एक भाग समजला जातो. येथील विक्रेता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो किंमतीचा नव्हे, तर ‘गोड हवें कीं कडू?’ असा. कारण मलेशियांत किंचित् कडवटपणा हा दुरियानचा गुण मानतात. चाखतांना गोडापासून आरंभ करून कडवाकडे जावें. क्रम उलटा झाला तर मागाहून आलेलें फळ फिकें लागतें. खाणें हातानेंच. शेवटीं सालीच्या वाटींत पाणी घालून त्यांत हात धुतले म्हणजे वास जातो असा तेथील प्रघात. सोबतीला मँगोस्टीन खातात. दुरियान उष्ण आणि मँगोस्टीन शीतल, अशी समजूत आहे. हें मँगोस्टीन म्हणजे कोंकणांतील रातांब्याचें सख्खें भावंड होय. उन्हाळ्यांत कोकमाचें सरबत पिणाऱ्यास ही समजूत परकी वाटणार नाहीं.

१९३४ पासून मलेशियाचें कृषिखातें उत्तम झाडांची नोंद करून त्यांच्या जातींना ‘डी’ हें अक्षर आणि एक क्रमांक देत आलें आहे. १९३७ मध्यें नोंदलेली डी २४ ही पुष्कळ वर्षें लोकप्रिय होती. १९९३ मध्यें डी १९७ नोंदली गेली. तीच आजची जगप्रसिद्ध ‘मुसांग किंग’. मुसांग म्हणजे उदमांजर. ‘गुआ मुसांग’, म्हणजे उदमांजराची गुहा, या गांवावरून हें नांव पडलें. योगायोग असा कीं, वनस्पतिशास्त्रांत दुरियानला जें लॅटिन नांव आहे, त्यांतहि उदमांजराचाच उल्लेख आहे. पेनांगची ‘उदांग मेराह’ म्हणजे तांबडी कोळंबी, ती डी १७५. आणि २०१५ मध्यें नोंदलेली ‘काळा कांटा’ ती डी २००. थायलंडच्या मोन थोंगाला कापा फणस म्हटलें, तर मुसांग किंगला बरका म्हणावें लागेल: गर्द पिवळा, चिकट, आणि गोडीच्या मागून येणाऱ्या कडवट छटेचा.

तिसरा टप्पा बोर्निओचा. वर्षाखेरीस आणि नववर्षाच्या आरंभीं सारावाकमधील कुचिंगच्या बाजारांत गेलें कीं, दुरियान म्हणजे एकच फळ नव्हे हें डोळ्यांना दिसतें. दुरियानच्या सुमारें तीस जाती शास्त्राला माहीत आहेत. त्यांपैकीं निदान नऊ खाण्याजोग्या आहेत आणि त्यांचें मुख्य माहेर बोर्निओ. ‘लाई’ नांवाच्या जातीचा गर नारिंगी असून तिला तो उग्र वास जवळजवळ नाहींच. ‘दालित’चा गर केव्हां पिवळा तर केव्हां चक्क तांबडा निघतो. ‘कुरा-कुरा’, म्हणजे कांसव, या जातीचीं फळें खोडाच्या अगदीं बुंध्याशीं, जमिनीलगत लागतात. ज्यानें शहरांतील दुकानांत एकच दुरियान चाखून आपलें मत बनविलें, त्यानें एक पान वाचून ग्रंथावर अभिप्राय दिला असें समजावें.

परंतु या वैविध्यावर सध्यां संकट आहे, आणि त्याचें एक कारण चाखणाऱ्याची आवड हेंच आहे. मलेशियांत बीपासून वाढलेल्या झाडाच्या फळाला ‘दुरियान काम्पुंग’ म्हणतात. काम्पुंग म्हणजे गांव. अशा प्रत्येक झाडाची चव निराळी. क्वचित् पाणचट, क्वचित् अलौकिक. आज नामवंत ठरलेल्या जाती मुळांत असल्याच एखाद्या झाडापासून निघाल्या. कोंकणांत हापूसचें कलम आणि रायवळ आंबा यांचें जें नातें, तेंच येथें आहे. हापूसला भाव येत गेला तसा रायवळ मागें पडला. परसांतील साखऱ्या, खोबऱ्या या नांवांनीं ओळखलीं जाणारीं झाडें वठलीं तीं पुन्हां कोणी लावलीं नाहींत. तोच प्रकार मलेशियांत चालला आहे. एकट्या चीननें २०२३ मध्यें सुमारें चौदा लाख टन दुरियान आयात केला. त्यांत थायलंडचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी मलेशियाचें गोठविलेलें अखंड फळ २०१९ पासून आणि ताजें फळ २०२४ पासून तेथें जाऊं लागलें आहे. या बाजाराला ठराविक नांव आणि ठराविक चव हवी असते. म्हणून जुनीं झाडें छाटून त्यांवर मुसांग किंगचीं कलमें चढवितात. रौबच्या परिसरांत नव्या बागांसाठीं वाघांचा वावर असलेलें जंगल तोडण्यावरून २०१८ मध्यें मोठा वाद माजला.

दुसरें संकट आणखी दुरून येतें. दुरियानचीं फुलें सायंकाळीं उमलतात आणि पहाटेपर्यंत त्यांच्या पाकळ्या गळून जातात. एवढ्या अवधींत परागसिंचनाचें काम मुख्यतः वटवाघुळें करतात. परंतु दुरियानचा बहर वर्षांतून थोडेच आठवडे टिकतो. एरवीं गुहांत राहणारीं हीं मधुभक्षक वटवाघुळें इतर फुलांवर, विशेषतः समुद्रकांठच्या कांदळवनांतील चिप्पीच्या फुलांवर, जगतात. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचाहि राज्य कांदळवृक्ष आहे. कांठावरची चिप्पी तोडली, किंवा चुनखडीसाठीं गुहेचा डोंगर फोडला, तर कित्येक कोस दूर असलेल्या बागेंत फळधारणा घटते. मोठीं वटवाघुळें फुलांची नासाडी करतात म्हणून बागाईतदार त्यांना मारीत. तिओमान बेटावर झाडांत कॅमेरे लावून केलेलें संशोधन २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां हीं ‘चोर’ वटवाघुळेंहि परागसिंचन करतात असें आढळलें. ज्याला शत्रु म्हणून मारलें, तोच बागेचा चाकर निघाला.

ज्यांना समुद्र ओलांडणें शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं भारतांतहि निलगिरीच्या उतारावर कल्लार आणि बर्लियार येथील सरकारी फळबागांत दुरियानचीं झाडें आहेत. अर्थात् तेथील फळें मोजकींच. परंतु जे पूर्वेकडे जातील त्यांनीं एक गोष्ट अवश्य करावी. नामवंत जाती चाखून झाल्यावर रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या खेडुताकडे ‘दुरियान काम्पुंग’ मागावा. त्याला नांव नसेल, क्रमांक नसेल. तो चांगला निघेल याची हमीहि नसेल. पण तें झाड विकत्या फळामुळें उभें राहील. गिऱ्हाईक ज्याचें नांव घेतो तेवढेंच शेतकरी लावतो. आणि बाकीचीं झाडें गेलीं, तर उद्यांच्या यात्रेकरूला त्या देशांत जाऊनहि तेंच एक फळ खावें लागेल, जें त्याला आपल्या शहरांतील दुकानांत मिळालें असतें.