अडकलेले अपडेट आणि घाईचे बटण

कार्यालयातील सर्व्हर आपोआप अद्ययावत होत असताना मध्येच थांबला आणि पडद्यावरची टक्केवारी तासभर एकाच आकड्यावर खिळून राहिली, की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो : बटण दाबून यंत्र बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे. घरच्या संगणकावर तो कधी कधी निभावून जातो. पतसंस्थेची खाती, रुग्णालयाच्या नोंदी किंवा पंचायतीचे दाखले सांभाळणाऱ्या सर्व्हरवर मात्र अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात, आणि जो सर्व्हर केवळ थांबलेला होता तो खरोखरच बिघडतो.

अडकलेले अपडेट बहुधा कशाची तरी वाट पाहत असते. ते कशाची, हे ओळखणे हेच दुरुस्तीचे अर्धे काम होय. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीजवळचे बिरसा असो वा सत्तरीतील एखादा गाव, शहरातून तंत्रज्ञ येईपर्यंत हा निर्णय जागेवरच्या कर्मचाऱ्यालाच घ्यावा लागतो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. अपडेटचे दोन टप्पे असतात : नव्या फाइली इंटरनेटवरून उतरवून घेणे आणि त्या यंत्रात बसवणे. पहिल्या टप्प्यात काम खोळंबले असेल तर ते थांबवण्यात फारसा धोका नाही. जोडणी मंदावली असेल किंवा दूरचा सर्व्हर उत्तर देत नसेल, तर पुढे केव्हाही काम नव्याने सुरू करता येते. दुसरा टप्पा सुरू झाल्यावर मात्र वीज तोडणे म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना दिवे मालवण्यासारखे आहे. म्हणूनच ज्या सर्व्हरला चांगला यूपीएस नाही, त्याचे स्वयंचलित अपडेट वीज जाण्याच्या नेहमीच्या वेळेला ठेवू नये.

उबंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर हे काम ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ नावाचा प्रोग्राम करतो. मूळ रचनेनुसार तो सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान केव्हातरी जागा होतो. फाइली बसवण्यापूर्वी तो एक ‘लॉक’ घेतो, म्हणजे आतून कडी लावतो, जेणेकरून दुसरा प्रोग्राम त्याच वेळी तेथे लिहू नये. नेमक्या त्याच वेळी कर्मचाऱ्याने हाताने अपडेट सुरू केले, तर अमुक क्रमांकाच्या प्रक्रियेने लॉक धरून ठेवल्याचा संदेश येतो. हा बिघाड नव्हे. तरीही लॉकची फाइलच पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो अत्यंत घातक आहे. फाइल पुसल्याने आतले काम थांबत नाही. फक्त दोन प्रोग्राम एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागतात. संदेशातील क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का ते पाहावे आणि लॉग फाइल उघडावी. तीत नव्या ओळी पडत असतील तर सर्व्हर काम करीत आहे, त्याला वेळ द्यावा.

कधी अपडेट एखाद्या उत्तरासाठी थांबते. कोणी पूर्वी हाताने बदललेली संरचना फाइल तशीच ठेवायची की नवी घ्यायची, असा प्रश्न प्रणाली विचारते. उबंटूच्या २२.०४ आवृत्तीत तर कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या, याचीही विचारणा होते. अनअटेंडेड अपग्रेड्स अशा फाइलींची पॅकेजेस सहसा बाजूला ठेवते. परंतु कोणा माजी कर्मचाऱ्याने लिहून ठेवलेली रात्रीची स्क्रिप्ट ही काळजी घेत नाही. प्रश्न विचारला जातो, उत्तर द्यायला कोणी नसते, आणि सकाळी सगळे सर्व्हरला दोष देतात.

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे जागेची टंचाई. सर्व्हर सुरू करणाऱ्या फाइलींचा ‘बूट’ विभाग अनेकदा लहान असतो. त्यात जुने कर्नल साठत जातात आणि एके दिवशी नव्याला जागाच उरत नाही. ‘डीएफ’ या आदेशाने ते क्षणात कळते. जुने कर्नल काढावेत, सध्या चालू असलेल्याला हात लावू नये, आणि त्यानंतर ‘डीपीकेजी’च्या ‘कॉन्फिगर’ आदेशाने अर्धवट राहिलेले काम पुरे करून घ्यावे.

विंडोज सर्व्हरची कथा थोडी वेगळी. त्याची २०१६ ची आवृत्ती अपडेट बसवण्यात कुप्रसिद्धरीत्या संथ आहे. तेथे धीर हाच पहिला उपाय. फाइली उतरवतानाच काम अडले असेल, तर अपडेटची सेवा थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरचे नाव बदलावे. प्रणाली नवे फोल्डर स्वतःच तयार करते.

या कटकटीला कंटाळून अनेक कार्यालये स्वयंचलित अपडेट कायमचे बंद करतात. त्याची किंमत जगाने २०१७ साली मोजली. ज्या त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट बसवले नाही, ते सापडले.

उलट बाजूही आहे, आणि ती न्हावा शेवाने अनुभवली. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला. मर्स्क समूहाच्या यंत्रणा कोलमडल्या आणि त्याच्याकडील न्हावा शेवा येथील टर्मिनलचे काम ठप्प झाले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकची सदोष फाइल अवघी ७८ मिनिटे वितरणात होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसू लागले.

दोन्हींतून निघणारी वाट मधली आहे. सुरक्षेची अपडेट चालू ठेवावीत, पण ती आधी कमी महत्त्वाच्या एका यंत्रावर जाऊ द्यावीत आणि एक-दोन दिवसांनी मुख्य सर्व्हरवर. त्याआधी बॅकअप घ्यावा आणि तो परत उघडतो का, हेही तपासावे. हा दुसरा भाग जवळजवळ कोणी करीत नाही.

क्राउडस्ट्राइकच्या दिवशी आणखी एक अडचण पुढे आली. बंद यंत्रे सुरक्षित स्थितीत उघडून ती फाइल पुसायची होती, पण अनेक डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या. काही ठिकाणी त्या कुलपांच्या किल्ल्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच साठवलेल्या होत्या. ४८ अंकांची ही किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवायला एक पान पुरते.