लेकरू आपलं का ऐकत नाही?

कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या बीडकडे परतल्या, की आमच्या बचत गटांच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. "सहा महिने आजीपाशी राहिलं, आता माझं काही ऐकत नाही. ये म्हटलं की पळतं, खा म्हटलं की ताट लोटतं." लेकरू सोबत कोपीवर नेलेल्या आयाही हेच सांगतात. मग आपण म्हणतो, लाडानं बिघडलं. पण तसं नसतं.

दोन-तीन वर्षांचं लेकरू दोन तऱ्हांनी ऐकतं. एक, आई बघतेय म्हणून. तिची पाठ फिरली की पुन्हा तेच. दुसरं, मनापासून. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोहान्स्का यांनी हा फरक अभ्यासला. मुलांना खेळणी आवरायला सांगितली, काही खेळण्यांना हात लावायचा नाही असंही सांगितलं. ज्या मायलेकरांचं एरवी हसतखेळत जमत होतं, त्यांची मुलं मनापासून जास्त ऐकत होती, असं १९९५ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं.

म्हणजे मनापासूनचं ऐकणं लळ्यातून येतं. रडलं की कुणी जवळ घेतं, भूक लागली की कुणी ओळखतं, हे रोज घडलं की लळा लागतो.

हंगामात नेमकं हेच अवघड होतं. उचल फेडायची असते, पहाटे फडात जायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. लेकराचं रडणं ऐकू येतं, पण अंगात त्राण नसतं. मग धपाटा बसतो. लेकरू हट्टाला पेटतं, आपण आणखी ओरडतो. माय वाईट नसते, तिला उसंत नसते. मागं राहिलेल्या लेकरालाही आई पुन्हा जाईल ही धास्ती असू शकते.

हे सावरता येतं. आल्याआल्या लेकरू आजीच्या मांडीवरून ओढू नका, शेजारी बसा. आजीचा लळा तुटू देऊ नका. न्हाऊ घालणं, भरवणं हळूहळू आपल्या हाती घ्या. रोज थोडा वेळ त्याच्या खेळात बसा, बापानंही बसावं. काम सांगताना जवळ जाऊन, एका वेळी एकच सांगा. केलं की कौतुक करा. पुढच्या हंगामाला निघताना चोरून जाऊ नका, सांगून जा. फोनवर रोज आवाज ऐकवा.

आणि मैत्रिणींनो, लळा लावायलाही सवड लागते. ती एकट्या बाईनं कुठून आणायची? म्हणून गटाच्या कर्जातून उचलीचा बोजा थोडा तरी हलका करणं, फडाजवळ पाळणाघर मागणं, परतल्यावर अंगणवाडीत नाव घालणं, हे लेकराच्या वळणाचंच काम आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्या.